जुन्या ट्रकचा सौदा : दोष, कर्ज आणि भाड्याचे मसले

सूरह अल-बकराच्या २७५ व्या आयतीने व्यापार आणि व्याज यांच्यामध्ये आखलेली सीमारेषा आपल्या बहुतेक घरांत ठाऊक असते. परंतु हीच रेषा एखाद्या जुन्या मालवाहू ट्रकच्या सौद्यातून नेमकी कोठून जाते, असे विचारले तर उत्तर सहज सापडत नाही. बोरीवली, दहिसर, मालवणी, मीरारोड या पट्ट्यातील अनेक तरुण वाहतुकीच्या धंद्यात उतरू पाहतात. पहिली पायरी बहुधा ठरलेली असते. वापरलेला मध्यम ट्रक घ्यायचा आणि तो एखाद्या मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे पोटकंत्राटावर लावायचा, ज्याला बाजारात गाडी 'अटॅच' करणे म्हणतात. या ट्रकमागे आईचे दागिने, वडिलांनी आखाती देशात राबून साठवलेली रक्कम किंवा कोकणातील वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा उभा असतो. एक इंजिन निकामी निघाले तर या साऱ्यावर पाणी पडते. म्हणून या सौद्याचे मसले गाडी दारात येण्यापूर्वी समजून घ्यावेत, नंतर नव्हे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार, गाडी आणि माल मिळून ज्याचे एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा अधिक आणि १२,००० किलोपर्यंत असते, ते मध्यम मालवाहू वाहन होय. बाजारात अशी गाडी पुष्कळदा 'आयशर' या एकाच नावाने ओळखली जाते, मग ती कोणत्याही कंपनीची असो. भिवंडीच्या गोदामांतून पश्चिम उपनगरांत माल आणणे, वसई किंवा वापीचा कारखान्याचा माल शहरात पोहोचविणे, ही या गाड्यांची नित्याची कामे आहेत.

मांसासाठी की प्रवासासाठी?

इमाम गज्जाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात हजरत वासिला बिन अल-अस्कअ (रजि.) यांचा एक प्रसंग नोंदविला आहे. एका माणसाने आपली उंटीण तीनशे दिरहमांना विकली. वासिला (रजि.) तेथेच उभे होते, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. ग्राहक उंटीण घेऊन निघून गेल्यावर ते भानावर आले, त्याच्यामागे धावले आणि त्याला थांबवून त्यांनी विचारले, की हे जनावर मांसासाठी घेतले आहे की स्वारीसाठी? स्वारीसाठी, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी सांगितले, की हिच्या पायाच्या तळव्याला छिद्र पडलेले आहे आणि ते मी पाहिले आहे, ही सलग प्रवास करू शकणार नाही. ग्राहक माघारी फिरला. विकणाऱ्याला किंमत शंभर दिरहमांनी उतरवावी लागली. माझा सौदा तुम्ही बिघडवलात, अशी तक्रार त्याने केली, तेव्हा वासिला (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या हाती घेतलेल्या शपथेची आठवण दिली. प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची ती शपथ होती.

या प्रसंगातील दोन गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली अशी, की वासिला (रजि.) या सौद्यात कोणीही नव्हते. ते ना विक्रेते होते, ना दलाल. केवळ दोष ठाऊक असल्यामुळे बोलणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. गॅरेजमधला मेकॅनिक, ज्याने सहा महिन्यांपूर्वी त्याच गाडीच्या चॅसीला वेल्डिंग केले आहे, तो आज नव्या ग्राहकासमोर गप्प बसत असेल तर त्याने स्वतःला वासिला (रजि.) यांच्या जागी ठेवून पाहावे. दुसरी गोष्ट त्यांच्या प्रश्नात आहे. दोष हा वापरावरून ठरतो. मांसासाठी घेतलेल्या जनावराच्या तळव्याला छिद्र असले म्हणून काय बिघडते? मोडीत काढण्यासाठी घेतलेल्या ट्रकचे इंजिन धूर ओकत असेल तर तो दोष नाही. परंतु तोच ट्रक रोज घोडबंदर मार्गाने गायमुखचा चढ चढून भिवंडीला जाणार असेल तर तो मोठा दोष आहे. फुकहांनी दोषाची व्याख्याही अशीच केली आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या उणिवेमुळे वस्तूची किंमत घटते, ती दोष होय. म्हणून गाडी कशासाठी हवी आहे हे ग्राहकाने स्पष्ट सांगावे आणि विक्रेत्याने ते विचारावे.

सहीह मुस्लिममध्ये धान्याच्या राशीचा प्रसंग आहे. प्रेषित (सल्ल.) यांनी बाजारातील एका राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओले धान्य वर का ठेवले नाही, जेणेकरून लोकांना ते दिसले असते, असा प्रश्न प्रेषितांनी केला आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. येथे ध्यानात घ्यावे, की धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता, पाऊस कोणाच्याही राशीवर पडतो. जुन्या ट्रकमध्ये दोष असणे हेही स्वाभाविकच आहे. चार लाख किलोमीटर धावलेली गाडी नवी कशी असेल? ओले धान्य खाली आणि कोरडे वर, ही मांडणी मात्र निषिद्ध आहे.

अशा मांडणीचे बाजारातील प्रकार जाणकारांना ठाऊक आहेत. गाडी पाहायला ग्राहक येणार म्हटल्यावर इंजिन आधीच तापवून ठेवायचे, म्हणजे थंड असताना सुरू होण्यातली अडचण झाकली जाते. जाड तेल भरायचे, म्हणजे धूर आणि आवाज काही दिवस दबतो. किलोमीटर दाखविणारे मीटर मागे फिरवायचे. चॅसीवरील तडे काळ्या रंगाखाली झाकायचे. रिसोल केलेल्या टायरांना पॉलिश मारून ते नवे भासवायचे. या साऱ्याला हदीसशास्त्रात एक जुनी उपमा आहे, 'मुसर्रात'. विकण्यापूर्वी काही दिवस शेळी किंवा उंटीण दोहायची नाही, म्हणजे कास भरलेली दिसते आणि ग्राहकाला वाटते, की जनावर दुधाळ आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोहोंत आलेल्या हदीसनुसार अशा ग्राहकाला तीन दिवसांपर्यंत निवडीचा अधिकार आहे. हवे तर त्याने जनावर ठेवावे, नको असेल तर परत करावे, आणि काढलेल्या दुधाच्या बदल्यात एक साअ खजूर द्यावेत. जाड तेल भरलेले इंजिन म्हणजे भरलेली कासच होय. इमाम शाफई (रह.) या हदीसनुसार सौदा परत करण्याचा अधिकार देतात. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते या विशिष्ट कारणाने परतावा नसून घटलेल्या किमतीची भरपाई मागता येते. फसवणूक हराम आहे, याबद्दल मात्र दोघांत मतभेद नाही. आणि हा निषेध केवळ मुस्लिम ग्राहकापुरता आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. समोरचा ग्राहक कोणत्याही धर्माचा असो, त्याला फसविणे हराम आहे.

'जशी आहे तशी' या शब्दांचे वजन

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येते. 'जशी आहे तशी घ्या, नंतर काही बोलायचे नाही.' विक्रेता समजतो, की हे म्हटले आणि आपण मोकळे झालो. शरीअतमध्ये हा प्रश्न फार जुना आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'मध्ये हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा एक खटला आहे. त्यांनी एक गुलाम आठशे दिरहमांना, दोषांची जबाबदारी न घेण्याच्या अटीवर विकला. ग्राहकाला त्याच्यात एक आजार आढळला आणि प्रकरण हजरत उस्मान (रजि.) यांच्यापुढे गेले. विकताना हा आजार मला ठाऊक नव्हता, अशी शपथ घ्या, असा निर्णय त्यांनी दिला. इब्ने उमर (रजि.) यांनी शपथ घेण्यास नकार दिला आणि गुलाम परत घेतला. पुढे तो बरा झाला आणि पंधराशे दिरहमांना विकला गेला. ठाऊक नसलेला दोष आणि ठाऊक असून लपविलेला दोष यांत हा निर्णय भेद करतो.

मजहबांची मते येथे वेगळी आहेत आणि आपल्या वाचकांत दोन्ही मजहबांचे लोक असल्यामुळे ती नीट समजून घ्यावीत. कोकणातील बहुतांश मुस्लिम कुटुंबे शाफई आहेत, तर मराठवाडा, खानदेश आणि विदर्भाकडून मुंबईत आलेली कुटुंबे प्रायः हनफी. हनफी मतानुसार सर्व दोषांतून मुक्त होण्याची अट घालून केलेली विक्री वैध ठरते, म्हणजे नंतर ग्राहकाला त्या आधारे परतावा मागता येत नाही. तरीही ठाऊक असलेला दोष दडविण्याचे पाप विक्रेत्याच्या माथी राहतेच. इमाम नववी (रह.) यांनी 'मिन्हाज'मध्ये नोंदविलेल्या शाफई मतानुसार अशी अट केवळ जनावराच्या आतील, विक्रेत्याला ठाऊक नसलेल्या दोषापुरतीच चालते. ट्रक हे काही जनावर नव्हे. त्यामुळे शाफई विक्रेत्याला 'जशी आहे तशी' या शब्दांचा आडोसा मिळत नाही. रत्नागिरीकडच्या विक्रेत्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

ग्राहकाच्या बाजूने सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित अधिकार म्हणजे 'खियारे शर्त', सौद्यातच ठरवून घेतलेली विचाराची मुदत. सौद्यांत वारंवार फसणाऱ्या एका सहाबींना प्रेषित (सल्ल.) यांनी फसवणूक चालणार नाही असे बोलून घेण्याचा सल्ला दिला होता. काही रिवायतींत त्यांना तीन रात्रींची मुदत दिल्याचेही आले आहे. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई या दोघांच्याही मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत ठेवता येते. म्हणून साध्या कागदावर एवढेच लिहावे, की अमुक तारखेपासून तीन दिवसांत ग्राहक आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून गाडी तपासून घेईल आणि नापसंत पडल्यास सौदा रद्द होईल. ही ओळ लिहून घ्यायला संकोच वाटतो, हे मी जाणतो. ओळखीचा माणूस असला की अधिकच वाटतो. परंतु सूरह अल-बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तेथे संकोचाला जागा दिलेली नाही.

दोष नंतर आढळला तर काय करावे? येथे अनेक ग्राहक अज्ञानाने आपला हक्क गमावतात. समजा, गाडी घेतल्यानंतर पाचव्या दिवशी चॅसीला जुना तडा असल्याचे दिसले. ग्राहक चिडतो, विक्रेत्याला फोनवर बोल लावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत माल भरून वापीला पाठवितो. फिकहच्या दृष्टीने दोष कळल्यानंतर वस्तू आपल्या कामासाठी वापरणे म्हणजे त्या दोषाला संमती देणे होय, आणि परताव्याचा हक्क तेथेच संपतो. शाफई मजहबात तर दोष कळताच विनाविलंब परतावा मागावा लागतो. परत करण्यासाठीच गाडी विक्रेत्याच्या दारापर्यंत चालवत नेली, तर ती संमती ठरत नाही. जनावराच्या बाबतीत फुकहांनी हा बारकावा स्पष्ट केला आहे आणि तो ट्रकला जसाच्या तसा लागू पडतो. हनफी मतानुसार ग्राहकापुढे दोन मार्ग असतात. पूर्ण किमतीत गाडी ठेवावी किंवा परत करून पूर्ण पैसे घ्यावेत. विक्रेता राजी नसताना गाडीही ठेवायची आणि किंमतही कापायची, असा तिसरा मार्ग नाही. मात्र ग्राहकाकडे असताना गाडीत नवा दोष निर्माण झाला असेल, उदाहरणार्थ अपघाताने केबिन चेपली असेल, तर परतावा बंद होऊन जुन्या दोषाची भरपाई मिळू शकते.

कागद, दलाल आणि बयाना

गाडीबरोबर तिचा कागदही तपासावा लागतो आणि शरीअतच्या दृष्टीनेही हा विषय दुय्यम नाही. आरसी पुस्तकावरील नाव, वित्तसंस्थेचा बोजा, फिटनेस, परमिट, विमा, थकीत ई-चलान हे सारे विकण्यापूर्वी उघड करण्याच्या गोष्टींत मोडते. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा फिटनेस दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर एकेका वर्षासाठी मिळतो. राष्ट्रीय परमिटसाठी साध्या ट्रकचे वय बारा वर्षांपेक्षा अधिक चालत नाही. म्हणजे अकरा वर्षांची गाडी गुजरातच्या कामासाठी घेणाऱ्याला एक वर्षानंतर काय होईल हे सांगितले नाही, तर पुन्हा तोच तळव्याच्या छिद्राचा प्रश्न उभा राहतो.

मुंबईत गाडी हस्तांतरणाच्या कोऱ्या, सही केलेल्या अर्जांना 'टीटीओ' म्हणतात. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही घेऊन ठेवायची आणि त्याच कोऱ्या कागदांवर गाडी तीन-चार हातांतून फिरवायची, ही पद्धत रूढ आहे. एमएच-४७ म्हणजे बोरीवली आरटीओची गाडी, मालक कांदिवलीचा, ती चालवतो भिवंडीचा कोणी, आणि मध्ये दोन दलाल, ज्यांचे नाव कोठेच नाही. कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि ग्राहकाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नाव बदललेले नसताना अपघात झाला तर ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याने मालक आणि तोच भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. शरीअतच्या दृष्टीने ईजाब-कबूल झाल्यावर मालकी बदलते, हे खरे. पण ज्याने गाडी विकून टाकली आहे, त्याच्या मानेवर दुसऱ्याच्या अपघाताचे ओझे लटकत ठेवणे हे 'ना नुकसान करावे, ना नुकसान सोसावे' या प्रेषितांच्या शिकवणुकीतून घेतलेल्या नियमाच्या विरुद्ध आहे. शिवाय जो दलाल बयाना देऊन, गाडी ताब्यातही न घेता पुढे विकतो, तो ताब्यापूर्वी विक्रीच्या निषेधात सापडतो. चल वस्तूंच्या बाबतीत हनफी आणि शाफई दोन्ही मजहब हा निषेध मानतात.

दलालीबद्दल एवढे सांगणे पुरेसे आहे, की दलाली हलाल आहे. इमाम बुखारी (रह.) यांनी इब्ने सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन या ताबिईंची नावे घेऊन नमूद केले आहे, की दलालाच्या मेहनतान्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. पण विक्रेत्याला आठ लाख सांगायचे, ग्राहकाकडून साडेआठ घ्यायचे आणि मधले पन्नास हजार गुपचूप खिशात टाकून वर दोघांकडून दलालीही घ्यायची, हा मेहनताना नव्हे, ही खियानत आहे.

बयान्याबद्दल मतभेद आहे. ग्राहकाने सौदा मोडल्यास बयाना जप्त करणे हनफी, मालिकी आणि शाफई मजहबांत अवैध आहे, तर हंबली मजहबात वैध. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९३ मध्ये ब्रुनेईच्या अधिवेशनात मुदत निश्चित केलेली असल्यास त्याला परवानगी दिली. आपापल्या मजहबाच्या उलेमांना विचारून सौद्यापूर्वीच हे ठरवावे.

पैसा कोठून आणावा?

येथे खरी परीक्षा असते. जुन्या व्यापारी गाडीवर मिळणारे कर्ज व्याजाचे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. 'गरज आहे, नाइलाज आहे' हा युक्तिवाद मी वारंवार ऐकतो. फुकहांनी ज्या नाइलाजाला सवलत दिली आहे, तो जीव, अन्न, निवारा यांच्याशी निगडित आहे. ज्याला दुसऱ्याच्या गाडीवर पगाराने काम मिळू शकते, त्याचे स्वतःच्या मालकीचे स्वप्न कितीही रास्त असले तरी ते त्या नाइलाजात बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. 

'चालू हप्त्यांची गाडी' हा आणखी एक सापळा. विक्रेत्याला काही रोख द्यायची आणि त्याच्या नावावरील कर्जाचे उरलेले हप्ते आपण फेडायचे. यात ग्राहक दुसऱ्याचे व्याज स्वतःहून गळ्यात बांधून घेतो. हप्ता चुकला तर बदनामी विक्रेत्याची आणि गाडी जाते ती ग्राहकाची. त्यापेक्षा सरळ मार्ग असा. गाडीची एकच किंमत ठरवावी. त्यातील जेवढी रक्कम विक्रेता वित्तसंस्थेला देणे लागतो, तेवढी ग्राहकाने विक्रेत्याच्या वतीने तेथे थेट भरावी. ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्यावर उरलेली रक्कम विक्रेत्याला द्यावी. अशा रीतीने ग्राहक व्याजाचा करार न करता फक्त गाडीची किंमत चुकती करतो.

संपूर्ण रक्कम नसेल तर? कुटुंबातील एखादा वडीलधारा मनुष्य, समजा मामा किंवा चुलते, गाडी स्वतः आठ लाखांना विकत घेऊ शकतात, ताब्यात घेऊ शकतात आणि मग भाच्याला नऊ लाख वीस हजारांना, दरमहा चाळीस हजारांच्या तेवीस हप्त्यांत विकू शकतात. रोखीपेक्षा उधारीची किंमत अधिक असणे चारही मजहबांत वैध आहे, अट एवढीच, की सौद्याच्या बैठकीत एकच किंमत पक्की झाली पाहिजे. मामांनी गाडी आधी खरोखर घेतली पाहिजे. भाच्याच्या हाती केवळ आठ लाख ठेवून नऊ लाख वीस हजार मागितले, तर ते व्याजच ठरेल, नाव काहीही दिले तरी. हप्ता उशिरा आला म्हणून रक्कम वाढविता येत नाही. अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्याची शिकवण सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत आहे. दुसरा मार्ग भागीदारीचा. तिघा भावांनी मिळून गाडी घ्यावी, नुकसान भांडवलाच्या प्रमाणात वाटून घ्यावे आणि जो चालवितो त्याने हळूहळू इतरांचे हिस्से विकत घ्यावेत.

आपल्याकडे गाडी ड्रायव्हरला 'निम्म्या कमाईवर' देण्याची रीत आहे. हनफी आणि शाफई मतांनुसार हा करार दुरुस्त नाही. त्यात कमाई गाडीमालकाची आणि चालकाला रिवाजाप्रमाणे मजुरी, असा हिशेब केला जातो. इमाम अहमद (रह.) यांच्या मजहबात, शेती वाट्याने देण्याच्या धर्तीवर, असा करार वैध आहे. वाद टाळायचा असेल तर निश्चित पगार आणि प्रत्येक फेरीमागे निश्चित भत्ता ठरविणे उत्तम.

पोटकंत्राट

ट्रान्सपोर्टर कंपनीकडून बारा हजारांचे भाडे घेतो आणि तुम्हाला साडेनऊ हजार देतो. मधले अडीच हजार त्याला हलाल आहेत काय? फुकहांनी नफ्याचे तीन आधार मानले आहेत. भांडवल, श्रम आणि जबाबदारी. माल हरवला, ओला झाला किंवा उशिरा पोहोचला, तर कंपनीला उत्तर देण्याची जबाबदारी ट्रान्सपोर्टरने घेतलेली असेल, तर ते अडीच हजार त्या जबाबदारीचे आहेत आणि त्यात वावगे काही नाही. लाभ जबाबदारीसोबत असतो, हा अबू दाऊद आणि तिर्मिजी यांतील हदीसवर आधारलेला नियम आहे. परंतु करारात सारे नुकसान गाडीवाल्याच्या माथी आणि नफा मात्र ट्रान्सपोर्टरचा, अशी रचना असेल तर नफ्याचा आधारच ढासळतो. पोटकंत्राट घेताना हीच ओळ प्रथम वाचावी.

भाडे ठरविताना काय काय त्यात आहे हे स्पष्ट असावे, कारण अज्ञात मोबदल्यावरचा करार फासिद ठरतो. टोल कोणाचा? ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरील नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, ट्रकना नाही. त्यामुळे दहिसरचा टोल फेरीगणिक मोजावाच लागतो. वाराई आणि हमाली कोण देणार? गोदामाच्या दारात गाडी दोन दिवस अडकून राहिली तर होल्टिंग किती तासांनंतर आणि किती? हे तोंडी 'बघून घेऊ' म्हणून सोडलेले प्रश्नच पुढे भांडणे लावतात.

पोच जमा केल्यावर भाडे पंचेचाळीस किंवा साठ दिवसांनी मिळते. तोपर्यंत डिझेल आणि हप्ता थांबत नाहीत. मग ट्रान्सपोर्टर म्हणतो, की शंभरातले तीन रुपये सोडा आणि आजच घ्या. मुदतीपूर्वी फेडीसाठी कर्ज कमी करण्याची अशी अट करारातच घालणे जमहूर फुकहांना मान्य नाही. पण अशी कोणतीही पूर्वअट नसताना, दोघांच्या मर्जीने, देणेकऱ्याने लवकर दिले आणि येणेकऱ्याने काही सोडले, तर ते चालते, असा निर्णय वर उल्लेखिलेल्या अकादमीने १९९२ च्या जेद्दा अधिवेशनात दिला. हे दोघांपुरतेच. तिसऱ्याच वित्तसंस्थेला ते बिल कमी पैशांत विकून रोख उचलणे मात्र व्याजच आहे.

माल कोणता आहे हेही पाहावे. दारूचे खोके वाहून नेण्याचे भाडे घेऊ नये, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. क्षमतेपेक्षा अधिक माल भरण्याविषयी मात्र लिहावे लागते, कारण त्याला आपल्याकडे कोणी पाप समजत नाही. कायद्याने अशा गाडीला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मोठा प्रश्न उतारावर ब्रेक न लागलेल्या ट्रकपुढे येणाऱ्या रिक्षातील माणसांचा आहे. त्यांच्या जिवाशी खेळण्याचा करार ट्रान्सपोर्टर तुमच्याशी करू शकत नाही आणि तुम्ही ड्रायव्हरशी करू शकत नाही. तृतीय-पक्ष विमा कायद्याने सक्तीचा असल्यामुळे उलेमांनी त्याला सवलत दिली आहे, तो टाळू नये.

ड्रायव्हर निवडताना सूरह अल-कससच्या २६ व्या आयतीतील दोन गुण पाहावेत, सामर्थ्य आणि अमानतदारी. त्यापुढच्याच आयतीत हजरत मूसा (अलै.) यांच्या कामाची मुदत आणि मोबदला दोन्ही आधी ठरल्याचे दिसते. ट्रान्सपोर्टरकडून भाडे आले नाही, हे ड्रायव्हरचा पगार अडविण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याचा करार तुमच्याशी आहे, ट्रान्सपोर्टरशी नाही. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची इब्ने माजामधील शिकवण येथेच लागू होते.

जकातीबद्दल विचारणा होते म्हणून दोन ओळी. कमाईचे साधन असलेल्या ट्रकवर जकात नाही, मग त्याची किंमत कितीही असो. भाड्यातून साठलेली रक्कम निसाबाला पोहोचली आणि तिच्यावर चांद्रवर्ष लोटले, तर तिच्यावर अडीच टक्के जकात आहे. जो माणूस विकण्याच्या उद्देशानेच जुने ट्रक घेतो, त्याच्यासाठी प्रत्येक ट्रक व्यापारी माल आहे आणि जकातीच्या दिवशी असलेल्या बाजारभावाने तो हिशेबात धरावा लागतो.